भाषांचे दफ्तर

मरू घातलेल्या भाषांविषयी बोलण्याची एक ठरीव रीत मराठी विचारविश्वात गेल्या दोन-तीन दशकांत रूढ झाली आहे. प्रारंभी जगातील भाषांची आणि त्यांतील संकटग्रस्त भाषांची संख्या सांगायची. मग कोणा अखेरच्या भाषकाच्या मृत्यूची करुण हकीकत द्यायची (२०१० साली अंदमानात बो भाषेची अखेरची भाषक बोआ सीनियर निवर्तली, तेव्हापासून हे स्थान बहुधा तिला दिले जाते). आणि शेवटी, फार उशीर होण्यापूर्वी या भाषांच्या नोंदी करून ठेवल्या पाहिजेत, असे आवाहन करायचे. या मांडणीतील आकडे खोटे नसतात, करुणाही खोटी नसते. खोटे असते ते तिच्या पोटातले समीकरण. नोंद झाली म्हणजे भाषा राखली गेली, असे ते समीकरण आहे. उघडपणे ते कोणी मांडत नाही, म्हणून ते तपासलेही जात नाही. परंतु शासनाच्या योजना, विद्यापीठांचे प्रकल्प आणि साहित्यसमीक्षेचे बोलीविषयक प्रेम ही तिन्ही त्यावरच उभी आहेत.

त्याची परीक्षा घ्यायची तर पुण्यात नदीपलीकडे, येरवड्यास जावे. भारतातील आधुनिक भाषाविज्ञानाचे एक मूलपीठ तेथे आहे. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, पुढे तिचे झालेले पूना कॉलेज, १८६४ मधील डेक्कन कॉलेज हे नामांतर, १८६८ मधील येरवड्याचे स्थलांतर, १९३४ मध्ये बंद पडणे आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडणे, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्यातील एक धागा मात्र सहसा उचलला जात नाही. हे विद्यालय शहरात होते त्या काळात त्याचे प्रमुखपद मेजर थॉमस कँडी यांनी सांभाळले होते. मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी आणि सरकारी क्रमिक पुस्तकांतील मराठीचे नियंते ते हेच. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावणारा, शाळेतले मराठी कोणते आणि शाळेबाहेरचे कोणते हे ठरविणारा हात या संस्थेच्या पूर्वचरित्रात आहे. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच संस्थेच्या परंपरेतील अभ्यासक मराठीच्या बोली टिपण्यासाठी बाहेर पडले. प्रमाणभाषा घडविणे आणि बोलींची नोंद करणे ही परस्परविरोधी कामे होत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. पहिल्याने ज्यांना वर्गाबाहेर काढले, त्यांची यादी दुसरे करते.

संस्थेचा सर्वांत मोठा प्रकल्प संस्कृतचा. ऐतिहासिक तत्त्वांवर रचावयाच्या संस्कृत महाकोशाचे काम सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९४८ मध्ये सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. तीसहून अधिक खंड होऊनही कोश अद्याप ‘अ’ या आद्याक्षरातच आहे. वर्तमानपत्रांना यात गंमत वाटते. ती वाटण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका अक्षरावर खपणारी विद्वत्ता कोणत्याही समाजाला भूषणावहच. पण या कोशामागे भाषेची जी कल्पना आहे ती पाहण्याजोगी आहे. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे ग्रंथ ही संस्कृतची संहिता झाली. ती मोठी आहे, पण बंद आहे. तिच्यात उद्या नवे वाक्य उच्चारले जाणार नाही. घाई करण्याचे कारण नाही, कारण चिठ्ठीतला शब्द पन्नास वर्षे कपाटात राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. अशा भाषेच्या बाबतीत नोंद आणि जतन यांत खरोखरच भेद उरत नाही. प्रश्न निर्माण होतो तो ही कल्पना, कपाटासकट, बोलत्या माणसांच्या भाषांना लावली जाते तेव्हा.

आणि ती तशी लावली गेली. १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने येरवड्यास भाषाविज्ञानाचे वर्ग भरू लागले. अमेरिकन वर्णनात्मक भाषाविज्ञानाची पद्धत तेथे एका अख्ख्या पिढीने आत्मसात केली. या पिढीचे श्रम मोठे होते. डी. एन. शंकर भट यांचे कोरगा भाषेचे वर्णन १९७१ मध्ये संस्थेने प्रसिद्ध केले, पी. भास्करराव यांचे कोनेकोर गदबाचे वर्णन १९८० मध्ये. ज्या भाषांना व्याकरण असू शकते हेच शेजारच्या गावाला मान्य नव्हते, त्यांचे वर्णविचार आणि रूपविचार काटेकोरपणे मांडले गेले. हे काम झाले नसते तर बरे झाले असते, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही.

परंतु या पद्धतीच्या मुळाशी असलेला सिद्धान्त विसरता येत नाही. सोस्यूरने भाषाव्यवस्था आणि प्रत्यक्ष भाषण यांत भेद केला तो अभ्यासविषय निश्चित करण्यासाठी. व्यवस्था समाजाच्या ठायी वसते, एकट्या व्यक्तीच्या ठायी ती पूर्णत्वाने असत नाही, हेही त्यानेच सांगितले. वर्णनात्मक भाषाविज्ञानाने पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसऱ्याकडे कार्यपद्धतीपुरता कानाडोळा केला: एक माहितगार, एक प्रश्नावली, एक ध्वनिमुद्रण यंत्र. माहितगार जे बोलतो ते कोणाशी बोलतो? अभ्यासकाशी. कोणत्या प्रयोजनाने? ‘मी काल बाजारात गेलो’ हे वाक्य त्याच्या भाषेत कसे होते, ते सांगण्यासाठी. त्या दिवशी तो बाजारात गेलेला नसतो. गेला असता तर बाजारात ती भाषा बोललाही नसता. व्होलोशिनोव्ह आणि बाख्तिन यांनी ज्याला उक्ती म्हटले, म्हणजे विशिष्ट माणसाने विशिष्ट माणसाला दिलेले प्रत्युत्तर, ती या वहीत नसते. व्यवस्था सुरक्षित ठेवून भाषण मरू देणे शक्य आहे, असा भ्रम येथून उत्पन्न होतो. संकटग्रस्त भाषांचे ‘जतन’ म्हणून जे चालते ते बव्हंशी या भ्रमाचे उपयोजन आहे.

निहालीचे उदाहरण घ्यावे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि पलीकडे मध्य प्रदेशातील निमाडात ही भाषा बोलली जाते. बोलणारे दोन हजारांच्या आसपास. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. स्टेन कोनोने त्यात तिला कोरकूच्या शेजारी बसवले आणि मुंडा पायावर द्राविडी व आर्य थर चढलेली मिश्रभाषा असे तिचे निदान केले. सुधिभूषण भट्टाचार्य यांची क्षेत्रटिपणे १९५७ मध्ये ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’मध्ये आली. कायपरचा तौलनिक अभ्यास १९६२ मध्ये ॲमस्टरडॅमहून निघाला. आशा मुंडले यांनी संकलित केलेला शब्दसंग्रह १९९६ मध्ये ‘मदर टंग’ या नियतकालिकात आला; डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांचा ग्रंथ २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने काढला. दोन हजार माणसांच्या भाषेवर एवढे लेखन होणे ही साधी गोष्ट नव्हे. पण ते का झाले?

कारण निहालीतील सुमारे एक चतुर्थांश शब्द कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाहीत. भारतात आर्य, द्राविड, मुंडा हे कोणी येण्यापूर्वी जे बोलले जात असेल त्याचा हा अवशेष असावा, अशी आशा त्या शब्दांनी निर्माण केली. उरलेले तीन चतुर्थांश शब्द कोरकूचे, द्राविडी, मराठीचे, हिंदीचे. अभ्यासकांच्या लेखी ते वरचा गाळ. खाली जाण्यासाठी उपसून टाकायचा. डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या शेजारी पुरातत्त्वाचा विभाग आहे, हा योगायोग येथे उगाच आठवतो. निहाली बोलणारी बाई सकाळी मजुरीला जाताना मुलाला जे सांगते त्यातील अर्ध्याहून अधिक शब्द या ‘गाळा’तले असतात. तिच्या दृष्टीने ती सगळीच निहाली असते.

हा मिश्रणाचा आरोप उलटा वाचून पाहावा. निहाली भाषक पिढ्यान्‌पिढ्या द्विभाषिक, त्रिभाषिक आहेत. कोरकू शेतकऱ्यांच्या शेतावर राबताना कोरकू, बाजारात मराठी वा हिंदी, आणि आपसांत निहाली. इतके शब्द बाहेरून घेऊनही तिचे व्याकरण आणि तिचे कामाचे शब्द टिकून राहिले. म्हणजे परभाषेच्या संपर्काने भाषा मरते हे गृहीतक निहालीने शंभर वर्षांपूर्वीच खोटे पाडले आहे. ज्याला कोनो भेसळ म्हणाला तो तिच्या जगण्याचा पुरावा आहे. संपर्काने भाषा मरत नाही. ती बोलणाऱ्याला तिची लाज वाटेल अशी व्यवस्था झाली की मरते.

आणि ही लाज निर्माण करण्यात विद्येचाही वाटा आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा ग्रंथ १९१६ चा. पश्चिम सातपुड्यातील लुटारू टोळ्यांचा निर्देश जुन्या कागदपत्रांत नहाल, भिल्ल आणि कोळी यांची नावे जोडून केला जाई, असे त्यात नोंदवले आहे. कायपरने निहाली ही निदान अंशतः गुप्तबोली असावी, अशी शक्यता पुढे विचारार्थ मांडली. इतरांपासून बोलणे लपविण्यासाठी निहालीचा उपयोग होतो, हे खरेच आहे. मराठी घरांत पाहुण्यांदेखत इंग्रजीचा असाच उपयोग होतो. म्हणून इंग्रजीला कोणी चोरभाषा म्हणत नाही. शिवाय एक साधी गोष्ट कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे नवल वाटते. भट्टाचार्यांची टिपणे, कायपरचा ग्रंथ, मुंडले यांचा शब्दसंग्रह, नागराजांचे वर्णन, हे सारे इंग्रजीत आहे. जामोदच्या शाळेत मराठीतून दहावीपर्यंत पोहोचलेल्या निहाली मुलाने आपल्या भाषेचे व्याकरण पाहावयाचे ठरविले, तर त्याला आधी आणखी एक भाषा शिकावी लागेल.

निहाली दूरची, म्हणून तिच्याविषयी सहानुभूती स्वस्त आहे. मराठीच्या अंगणातले प्रकरण अधिक अडचणीचे आहे, आणि ते ‘बोली’ या शब्दापासून सुरू होते.

अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तके १९६० नंतरच्या दशकात निघू लागली. कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशी ती मालिका होती. तिच्या आरंभीच, १९६३ मध्ये, दक्षिण कानड्यातील कोकणीवरचे पुस्तक आहे. म्हणजे कोकणी ही मराठीची बोली, हे मालिकेच्या नावानेच ठरवून टाकले होते. ग्रिअर्सनच्या १९०५ च्या खंडातही ती मराठीतच होती. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. या तीस वर्षांत कोकणीचे ध्वनी बदलले नाहीत, प्रत्यय बदलले नाहीत. बदलले ते तिच्या भाषकांचे संघटित बळ, तिच्यातले लेखन आणि तिच्या नावाने उभे राहिलेले राज्य. गंमत अशी की येरवड्याच्याच संस्थेचे धुरीण कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. कोकणी टिकली ती मात्र त्या ग्रंथामुळे नव्हे आणि घाटग्यांच्या पुस्तकामुळेही नव्हे. ‘बोली’ हे भाषावैज्ञानिक वर्णन नाही, तो दर्जा आहे. आणि दर्जा देणारा हात नेहमी शेजारच्या बलवत्तर भाषेचा असतो, हे या उदाहरणावरून मराठी अभ्यासकाने शिकावयास हवे होते.

तो शिकला नाही, याचा पुरावा साहित्यसमीक्षेत आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले आणि मराठी साहित्याच्या कक्षा रुंदावल्याचा निर्वाळा समीक्षेने दिला. कैकाडी समाजातून आलेल्या लेखनाविषयी बोलताना ‘कैकाडी बोली’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून सरसकट रूढ आहे. आता कैकाडी ही मराठीची बोली नाही. ती द्राविडी आहे. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात ती तमिळच्या गटात आहे. २०११ च्या जनगणनेतही ‘कैकाडी’ ही मातृभाषा तमिळच्या सदराखाली येते, जशी ‘वडारी’ तेलुगूच्या सदराखाली येते. ज्या भाषेत मराठीहून वेगळी सर्वनामे, वेगळी संख्यानामे आणि वेगळे क्रियापदविचार आहेत, तिला ‘ग्रामीण बोली’, ‘वऱ्हाडी बोली’ यांच्या रांगेत बसविणे ही शब्दाची चूक नाही. त्यातून दृष्टी उघड होते. जे प्रमाण नाही ते सारे बोली, आणि जे बोली ते सारे मराठीचे, असा हा हिशेब आहे.

या हिशेबात फक्त जमेची बाजू असते. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मराठी समृद्ध झाली, हे खरे. परंतु कैकाडी घरातल्या लेखकाला आपले आयुष्य सांगण्यासाठी मराठीत यावे लागले. त्याची आई ज्या भाषेत रडली ती भाषा मागे राहिली. या स्थलांतराची खर्चाची बाजू कोणत्या समीक्षकाने मांडली? आत्मकथनाची भाषा किती ‘रांगडी’, किती ‘अस्सल’ याची चर्चा झाली; निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत या वाटणीचे सौंदर्यशास्त्र रचले गेले. त्या वाटणीत अनुभव सांगण्याचा अधिकार बोलीला, पण अर्थ लावण्याचा अधिकार प्रमाणभाषेला राहतो, हे उघड असूनही. देशीवादी मांडणीने मार्गी परंपरेविरुद्ध देशीचा पक्ष घेतला तो रास्तच होता. मात्र त्या देशीचा परीघ मराठीच्या सीमेवर येऊन थांबला. मराठीच्या आत असलेली निहाली, कैकाडी, कोलामी या देशीला त्या मांडणीत जागा नव्हती. असलीच तर मराठीला पोषक द्रव्य म्हणून होती. गणेश देवी यांचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘आफ्टर ॲम्नेशिया’ (१९९२) मध्ये ‘भाषा’ म्हणजे हजारेक वर्षांची लिखित परंपरा असलेल्या मराठी-गुजरातीसारख्या भाषा. १९९६ मध्ये बडोद्यात संशोधन केंद्र काढून आणि पुढे तेजगडला आदिवासींमध्ये काम करून हा परीघ त्यांनी स्वतःच मोडला. त्यांच्या प्रेरणेने २०१० मध्ये सुरू झालेल्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषा मोजल्या. याही उपक्रमाला मोजणीचा मोह सुटला नाही, हे खरे. पण समीक्षेचा सिद्धान्त तपासण्यासाठी समीक्षकाने वस्तीवर जावे लागते, एवढे तरी त्यातून दिसले. मराठीत ही वाट फारशी कोणी चोखाळली नाही.

वस्ती दूर नाही. डेक्कन कॉलेज ज्या येरवड्यात आहे त्याच येरवड्यात वडारवस्ती आहे. वडारी ही तेलुगूच्या कुळातली. गाडीवडार, मातीवडार, पाथरवट या समाजाच्या शाखा कामावरून पडल्या, आणि कामाबरोबर त्यांचे शब्द होते: दगड कोणत्या जातीचा, तो कोठे फुटेल, माती किती ओढता येईल. खडी यंत्राने फुटू लागली तेव्हा त्या कामाची मजुरी गेली आणि ते शब्द बोलण्याचा प्रसंगही गेला. अशोक केळकर येरवड्याच्या याच संस्थेत शिकवीत असत, आणि भाषेला आर्थिक संसार असतो हे मराठीत त्यांनीच सांगितले. ‘मराठी भाषेचा आर्थिक संसार’ हे त्यांचे पुस्तक मराठीच्या कैवाऱ्यांनी वाचले ते मराठीपुरते. वडारीलाही आर्थिक संसार होता, आणि तो मोडला. ध्वनिमुद्रणाने तो सावरत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी झालेला युक्तिवाद मुख्यतः प्राचीनतेचा होता: शिलालेख, गाथा, दोन हजार वर्षे. भाषेचे मूल्य तिच्या वयात आहे, हे तत्त्व मराठीने मिरवणुकीने मान्य केले. निहालीवर अभ्यासकांचे लक्ष गेले तेही याच तत्त्वाने. फरक इतकाच की मराठीला प्राचीनतेबरोबर राज्य आहे, शाळा आहेत, न्यायालये आहेत. निहालीपाशी प्राचीनतेखेरीज काही नाही, आणि तीही संशयित. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या एप्रिल व जून महिन्यांत, पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे शासननिर्णय निघाले. महाराष्ट्रात क्षोभ उसळला आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. त्या दिवसांत मराठीच्या बाजूने जे सांगितले गेले ते सर्व बरोबर होते. लहान मूल मातृभाषेतून विचार करू लागते. परकी भाषा लवकर लादली तर ते आकलनात मागे पडते. घरची भाषा शाळेत नसेल तर मुलाला आपले घरच कमी वाटू लागते. यातले एकही विधान मराठी मुलापुरते खरे नाही. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू मूल पहिलीच्या वर्गात बसते तेव्हा त्याच्यापुढे जी परकी भाषा असते ती मराठी. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे देशात सात लाखांवर होते, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या जवळ. त्यांच्यासाठी त्या क्षोभात एक वाक्य निघाले असते, तर मराठीची बाजू अधिक भक्कम झाली असती. हिंदीच्या विस्ताराला जो युक्तिवाद लागू पडतो तो मराठीच्या विस्ताराला लागू पडत नाही, असे मानण्यास तात्त्विक आधार काय? संख्या, एवढाच. आणि संख्येचा युक्तिवाद तर हिंदीवाल्यांचाच आहे.

जनगणनेची रीत या संख्येच्या राजकारणाला शास्त्राचे रूप देते. १९६१ मध्ये १६५२ मातृभाषांची नावे छापली गेली होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे देणे बंद झाले. निहाली त्यामुळे आकड्यांत नाही. शासनाने २०१३ मध्ये संकटग्रस्त भाषांसाठी योजना आखली तेव्हा पात्रतेची मर्यादा पुन्हा दहा हजारच ठेवली. म्हणजे ज्या आकड्याखाली भाषा मोजली जात नाही, त्याच आकड्याखाली ती दस्तऐवजीकरणास पात्र ठरते. हयात असताना नाव नाही. मरणाच्या वाटेवर असल्याची खात्री पटली की कोश, व्याकरण, चित्रफीत.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला: पालकांनाच आपली भाषा नको आहे, त्यांना मुलांसाठी मराठी, जमल्यास इंग्रजी हवी. हे खरे आहे आणि त्यात दोष देण्याजोगे काही नाही. पण ही निवड कोणत्या दुकानात झाली तेही पाहावे. दुकानात एकच माल ठेवून गिऱ्हाइकाने तो ‘निवडला’ म्हणणे सचोटीचे नव्हे. मराठी मध्यमवर्ग स्वतः इंग्रजी शाळेकडे वळला तेव्हा त्याला कोणी मराठी टाकल्याचे म्हटले तर तो बाजारपेठेकडे बोट दाखवितो. आदिवासी पालकाच्या बाबतीत तोच वर्ग त्याला ‘स्वेच्छा’ म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोंदी नसत्या तर मेलेल्या भाषा पुन्हा उठल्या नसत्या. हिब्रूचे उदाहरण जुनेच. उत्तर अमेरिकेतील वाम्पानोआग भाषा शतकाहून अधिक काळ कोणी बोलत नव्हते. १६६३ मध्ये छापलेल्या बायबलावरून आणि जुन्या कागदपत्रांवरून जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९३ पासून ती पुन्हा उभी केली. मान्य. परंतु त्या बायबलाने तीनशे वर्षे काही केले नव्हते. वंशजांपैकी एका बाईने ते भाषा पुन्हा बोलण्यासाठी उघडले तेव्हा त्याची नोंद ‘जतन’ या संज्ञेस पात्र झाली. न्यूझीलंडमधील माओरींनी तर कोशाची वाट पाहिलीच नाही. १९८२ मध्ये त्यांनी भाषेची घरटी काढली: तान्ही मुले आणि माओरी बोलणाऱ्या आज्या एका खोलीत, दिवसभर. १९८७ मध्ये माओरी राजभाषा झाली ती त्यानंतर. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोलणे, मग कायदा. दफ्तर सर्वांत शेवटी.

‘दफ्तर’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. पुण्याला पहिला परिचित आहे. पेशवे दफ्तर येथेच आहे. दुसरे दफ्तर मुलाच्या पाठीवर असते. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने २०१७ पासून मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगावची ध्वनिमुद्रणे आणि नकाशे त्यातून सर्वांना खुले झाले. हे काम घाटग्यांच्या कामाहून एका बाबतीत पुढे आहे: ते ग्रंथालयात बंद नाही. पण पहिल्या दफ्तरातले दुसऱ्या दफ्तरात कसे जाणार, हा प्रश्न भाषावैज्ञानिकाचा नाही म्हणून टाळता येणार नाही. कोरकूवर प्रबंध लिहिणाऱ्याने त्याचा मराठीतील सारांश आणि एक वाचनपाठ त्या गावाच्या शिक्षकाच्या हाती ठेवल्याविना पदवी मिळू नये, असा नियम करण्यास विद्यापीठांना खर्च येत नाही. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘बोली’ या प्रश्नपत्रिकेत कैकाडी, वडारी यांचा समावेश करणाऱ्याने त्या कोणत्या कुळातल्या हे विद्यार्थ्याला सांगावे, एवढी अपेक्षाही फार नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी यापुढचे पाऊल टाकले. २०१९ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. माध्यम गोंडी, गोटुलच्या परंपरेवरून तिचे नाव. प्रकल्प नव्हता, दस्तऐवजीकरण नव्हते, अखेरचा भाषकही नव्हता. मुले होती आणि त्यांना त्यांच्याच भाषेत शिकविणारी माणसे होती. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने शाळेला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा मान्यतेविना शाळा चालवू देत नाही, हे त्या नोटिशीमागचे कारण. त्याच कायद्याचे कलम २९ सांगते की शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे. राज्यघटनेतील ३५० अ हा अनुच्छेद १९५६ पासून तेच सांगत आहे. धारणीत, चिखलदऱ्यात किंवा जळगाव जामोदच्या निहाली पाड्यांवर, त्या कलमाचा भंग झाला म्हणून कोणा शाळेला नोटीस आल्याचे ऐकिवात नाही.